बावरीचे भय आणि अजिताचा प्रश्न : मनाच्या आरोग्याचा रोजचा पाठ



धम्मदीक्षा घेतली, घरातील देव्हारा उतरवला, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. एवढे झाल्यावर नवदीक्षित घरात एक प्रश्न उभा राहतो, पण तो मोठ्याने कोणी विचारत नाही. तो प्रश्न असा : पूर्वी मूल आजारी पडले की नवस बोलत होतो, पीक गेले की कौल लावत होतो, मन घाबरले की अंगारा लावत होतो. ते सर्व सोडले हे योग्यच झाले. पण मनाचे घाबरणे काही सुटले नाही. आता घाबरलेल्या मनाने जायचे कोठे?

या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही म्हणजे काय होते ते आपण पाहतो. कोणी अंधार पडल्यावर गुपचूप देवऋषीकडे जाऊन येतो. कोणी दारूकडे वळतो. कोणी कोणाशीच बोलत नाही, आतल्या आत झुरतो. आणि शेजारपाजारचे लोक म्हणतात, "देव सोडले, म्हणून हे भोगावे लागते." हा टोमणा नव्या बौद्धाच्या मनाला फार लागतो, कारण त्याच्याही मनाच्या कोपऱ्यात तीच शंका दडलेली असते.

धम्मात याला उत्तर आहे. पण ते मंत्रासारखे एकदा म्हणून संपणारे नाही. ते रोज थोडे थोडे करण्याचे आहे. आजच्या पाठात आपण ते पाहू.

१. गोदाकाठची जुनी हकीकत

सुत्तनिपात हा पाली त्रिपिटकातील फार जुना ग्रंथ समजला जातो. त्याच्या शेवटच्या भागाला पारायनवग्ग असे नाव आहे. आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी सुत्तनिपाताचे मराठी भाषांतर केले आहे, ते ज्यांना मिळेल त्यांनी अवश्य वाचावे. या पारायनवग्गाच्या आरंभी बावरी नावाच्या ब्राह्मण आचार्याची हकीकत आहे, आणि ती आपल्याच गोदावरीच्या काठची आहे.

बावरी मूळचा कोसल देशचा. तो दक्षिणेत आला आणि अस्सक जनपदाच्या भूमीत, गोदातीरी आश्रम करून राहिला. अस्सकांची राजधानी पोतन. धर्माबादच्या पलीकडे, तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात जे बोधन गाव आहे, तेच हे पोतन असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे आपण ज्या मुलखात राहतो, त्याच मुलखातील ही गोष्ट समजावी.

बावरीने मोठा यज्ञ केला आणि जवळचे सर्व दान देऊन टाकले. इतक्यात दुसरा एक ब्राह्मण आला आणि त्याने पाचशे नाणी मागितली. बावरीजवळ काही उरले नव्हते. तेव्हा त्या माणसाने काही तंत्रमंत्राचा देखावा केला आणि शाप दिला, की आजपासून सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकले होतील.

बावरी विद्वान होता, वेदपारंगत होता, ध्यान करणारा होता. तरी तो घाबरला. त्याचे अन्न सुटले. तो सुकत चालला. ध्यानातही त्याचे मन रमेना. शोकाचा बाण लागावा तशी त्याची अवस्था झाली, असे ग्रंथ सांगतो.

कथेत पुढे एक देवता येते. तो भाग कथेचा अलंकार समजून बाजूला ठेवावा आणि तिच्या तोंडी जो बोध घातला आहे तो घ्यावा. बोध असा, की शाप देणारा हा पैशाचा लोभी ढोंगी आहे. डोके म्हणजे काय आणि डोके फुटणे म्हणजे काय हे त्याला मुळीच ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे असा भगवान बुद्ध उत्तरेत आहे, त्याला विचार.

बावरी वृद्ध होता. त्याने आपले सोळा शिष्य पाठवले. ते गोदाकाठून पैठणमार्गे निघाले आणि उज्जैन, कोशांबी, श्रावस्ती असा लांबचा प्रवास करीत मगध देशात भगवंतांपाशी पोहोचले. तेथे भगवंतांनी त्यांना डोक्याचा अर्थ सांगितला. अविद्या हेच ते डोके, आणि ते फोडणारी ती विद्या. श्रद्धा, स्मृती, समाधी, इच्छा आणि वीर्य यांची तिला जोड हवी.

उपासकांनो, ही हकीकत नीट समजून घ्या. बावरीला झालेला आजार शापाचा नव्हता, भयाचा होता. शाप खोटा होता, पण भय खरे होते. अन्न खरोखर सुटले होते, शरीर खरोखर सुकत होते. भगवंतांनी त्याला उलटा मंत्र दिला नाही, ताईत दिला नाही. त्यांनी शिष्यांना समज दिली, आणि मनाला बळ देणारे गुण कोणते ते सांगितले.

आपल्या मराठवाड्यात आणि सीमेपलीकडे तेलंगणात करणी, भानामती या नावाची भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या भीतीपायी किती सुना-म्हाताऱ्यांवर आळ आले, किती घरे फुटली! महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, छळ करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा मांत्रिकाला आवरील. पण ज्या मनात भय आहे त्या मनाची मशागत घरातच करावी लागते.

२. अजिताचा प्रश्न

त्या सोळा शिष्यांत पहिला प्रश्नकर्ता अजित. त्याने अनेक प्रश्न विचारले. त्यांतील एक आपल्या आजच्या विषयाचा प्राण आहे. अजिताने विचारले, की प्रवाह सर्व बाजूंनी वाहत आहेत, त्यांना अडवणारे काय? येथे प्रवाह म्हणजे मनाचे ओढे : तृष्णा, क्रोध, भय, शोक. भगवंतांच्या उत्तराचा आशय असा, की स्मृती या प्रवाहांना आवरते आणि प्रज्ञेने ते बंद होतात.

स्मृती हा शब्द आपण आठवण या अर्थाने वापरतो. धम्मात त्याचा अर्थ सावधपणा, जागेपणा असा आहे. आता माझ्या मनात काय चालले आहे, माझे हात काय करीत आहेत, माझे तोंड काय बोलत आहे, याचे भान म्हणजे स्मृती.

धर्माबाद तालुक्यात बाभळी येथे गोदावरीवर बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलैला त्याचे दरवाजे वर उचलतात आणि २८ ऑक्टोबर उलटल्यावर ते खाली सोडतात. पावसाळ्यात नदी मोकळी वाहते, पुढे पाणी अडवले जाते. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील.

पहिली गोष्ट. बंधारा पुराच्या दिवशी बांधता येत नाही. तो आधी बांधून ठेवावा लागतो. मनाचेही तसेच आहे. संकट आल्यावर एकाएकी ध्यानाला बसू म्हटले तर मन बसत नाही. साध्या, बऱ्या दिवसांत रोज दहा मिनिटे जे केले असेल, तेच वाईट दिवशी उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट. बंधाऱ्याचे दरवाजे बारा महिने बंद नसतात. दुःख झाले असता रडू आले तर रडावे. रडणे म्हणजे धम्म कमी पडला असे नव्हे. परमपूज्य बाबासाहेबांची चार अपत्ये लहानपणीच गेली. १९२६ साली लाडका राजरत्न गेला, तेव्हा त्यांनी आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात पित्याचे दुःख उघड केले आहे. २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. त्या आघाताने बाबासाहेब खचले होते. आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याच्या परिषदेत त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. एवढा थोर पुरुष शोक करतो आणि पुन्हा कामाला उभा राहतो. मग आपण आपल्या शोकाची लाज का बाळगावी?

३. दिवसाचे पाच पाठ

आता प्रत्यक्ष काय करावे ते पाहू. यांतील कशालाही पैसा लागत नाही. घरातील लहानथोर सर्वांना ते करता येते.

पहिला पाठ : सकाळची वंदना आणि श्वास. सकाळी हातपाय धुऊन भगवान बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमेपुढे सर्वांनी बसावे. त्रिशरण आणि पंचशील म्हणावे. मात्र घाईने पाठ म्हणून मोकळे होऊ नये. प्रत्येक शीलाचा अर्थ मराठीतून मनात आणावा. आपण येथे काही मागत नाही, हे मुलांना समजावून सांगावे. फूल वाहतो ते देवाला खूष करण्यासाठी नाही. हे फूल सुकेल, तसे हे शरीरही एक दिवस सुकेल, म्हणून आजचा दिवस चांगला घालवू, हा त्यातील विचार आहे.

वंदनेनंतर तसेच पाच ते दहा मिनिटे बसावे. पाठ ताठ ठेवावी, पण ताणू नये. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर किंवा ओट्यावर बसावे. डोळे मिटावे. श्वास आत आला, बाहेर गेला, एवढेच जाणावे. याला आनापानसती म्हणतात. एक ते दहा श्वास मोजावे आणि पुन्हा एकपासून सुरू करावे. मन मधेच कर्जाकडे, सोयाबीनच्या भावाकडे, लेकीच्या लग्नाकडे पळेल. पळाले की रागावू नये. जुन्या अट्ठकथांत मनाला खुंट्याला बांधलेल्या वासराची उपमा दिली आहे. वासरू ओढ घेते, दोर त्याला आवरतो, आणि शेवटी ते खुंट्यापाशीच बसते. श्वास हा खुंटा आणि स्मृती हा दोर. मन दहा वेळा पळाले आणि दहा वेळा परत आणले, तर दहा वेळा अभ्यास झाला असे समजावे.

धर्माबादची मिरचीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. मिरचीच्या कामावर जाणाऱ्यांच्या नाकातोंडात खाट बसतो. अशांनी कामावरून आल्यावर लगेच ध्यानाला बसू नये. हातपाय धुवावे, पाणी प्यावे, मोकळ्या हवेत थोडे टेकावे आणि मग बसावे. श्वास जोराने ओढण्याचे किंवा कोंडण्याचे कारण नाही. जसा आहे तसा तो जाणायचा आहे.

दुसरा पाठ : कामात सावधपणा. दिवसभरातील एक काम निवडावे आणि ते पूर्ण भानाने करावे. भांडी घासणे, शेताकडे चालत जाणे, जनावराला पाणी दाखवणे, काहीही चालेल. त्या वेळी मोबाईल दूर ठेवावा. आणि राग किंवा भीती आली की तिला नाव द्यावे. "मला राग आला आहे," "मला भीती वाटते आहे," असे मनात म्हणावे. "मी वाईट आहे, माझे नशीबच फुटके," असे म्हणू नये. भगवंतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. पहिला बाण शरीराला लागतो, त्याची वेदना शहाण्यालाही होते. अजाण माणूस मात्र त्यावर शोक, चडफड करीत मनाला दुसरा बाण मारून घेतो. पीक गेले हा पहिला बाण. "आता मी तोंड दाखवण्याच्या लायकीचा उरलो नाही" हा दुसरा. पहिला बाण चुकवणे प्रत्येक वेळी आपल्या हाती नसते. दुसरा न मारणे अभ्यासाने साधते.

तिसरा पाठ : एक वेळचे जेवण एकत्र. कोसलचा राजा पसेनदी फार खात असे आणि खाऊन धापा टाकीत असे. भगवंतांनी त्याला मिताहाराचा उपदेश केला. राजाने काय केले? त्याने सुदर्शन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करायला लावला आणि रोज जेवताना आठवण करून देण्याचे काम दिले. हळूहळू राजाचा आहार बेताचा झाला आणि शरीर हलके झाले. यातून शिकण्यासारखे हे, की सवय एकट्याने मोडत नाही. घरातील कोणी तरी प्रेमाने आठवण करून देणारे हवे. ज्या घरात दारू किंवा तंबाखू सोडायची आहे, तेथे मुलगा, लेक, बायको यांपैकी एकाने सुदर्शन व्हावे, आणि पुरुषाने त्या आठवणीचा राग मानू नये. दारू न पिण्याची प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञांत आहे, हे वेगळे सांगायला नको.

चौथा पाठ : रोज एक पान. प्रेरणा आकाशातून पडत नाही. ती वाचनातून, चांगल्या माणसाच्या सहवासातून येते. लहानगे भीमराव शाळा सुटल्यावर मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेत जाऊन अभ्यास करीत. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे त्यांच्याकडे लक्ष गेले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक पास झाले, तेव्हा गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. एका विद्यार्थ्याच्या हाती एक पुस्तक पडले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. मधल्या एकोणपन्नास वर्षांत पुष्कळ घडले, पण ते पुस्तक त्या वाटेवर होते.

म्हणून संध्याकाळी घरातील शाळकरी मुलाने किंवा मुलीने 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातील एक पान मोठ्याने वाचावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ऐकावे आणि एक प्रश्न विचारावा. मुलाला उत्तर आले नाही तर रविवारी विहारात विचारावे. आजीने नातवाला प्रश्न विचारला आणि नातू उत्तर शोधू लागला, तर त्या घरात दोघांचेही मन एकटे राहत नाही.

पाचवा पाठ : रात्रीचा आरसा. भगवंतांनी पुत्र राहुल याला विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तेव्हा भगवंत म्हणाले, की तसेच आपल्या कर्माकडे पाहत जावे : करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर. यात माझे किंवा दुसऱ्याचे अहित आहे काय, एवढे विचारावे. सम्राट अशोकाने भाब्रू येथील शिलालेखात उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावी अशी जी धम्मवचने सांगितली, त्यांत राहुलाला केलेला हा उपदेश आहे.

झोपण्यापूर्वी प्रत्येकाने तीन प्रश्न स्वतःला विचारावे. आज माझ्या हातून कोणाचे बरे झाले? आज मी कोणाला दुखावले? उद्या सकाळी कोणती एक गोष्ट सुधारीन? या प्रश्नांचा उपयोग स्वतःला झोडपण्यासाठी करू नये. आरसा तोंड दाखवतो, थप्पड मारीत नाही. शेवटी मैत्रीची भावना करावी : मी सुखी होवो, माझ्या घरची माणसे सुखी होवोत, शेजारी सुखी होवोत, सर्व प्राणी सुखी होवोत. सुरुवात स्वतःपासून करावी. ज्याला शतकानुशतके हलके लेखले गेले, त्याने स्वतःचे भले चिंतणे हाही धम्माचाच भाग आहे.

येथे उपासक बंधूंना एक सांगणे आहे. पहाटे उठून पाणी, चूल, डबे, गुरे हे सर्व एकट्या स्त्रीने करायचे आणि ध्यान मात्र पुरुषाने करायचे, असे झाले तर तो धम्म नव्हे. घरच्या लक्ष्मीला, सुनेला, आईला ती दहा मिनिटे मिळावी म्हणून पुरुषाने पाण्याचा हंडा उचलावा. समतेचा पाठ तेथूनच सुरू होतो.

४. मैत्री म्हणजे शरणागती नव्हे

पुष्कळ उपासक विचारतात, की ज्यांनी आमच्यावर अन्याय केला त्यांच्याविषयी मैत्री कशी बाळगावी? हा प्रश्न आपल्या भागात पुस्तकी नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित-बौद्ध वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे ऑगस्ट १९७८ मध्ये पोचिराम कांबळे यांची निर्घृण हत्या झाली. घरे जळली, माणसे गाव सोडून गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. पण ज्या लेकरांनी ते दिवस पाहिले, त्यांच्या मनात ती रात्र पुढे कित्येक वर्षे राहिली. अशा माणसाला "विसरून जा" म्हणणे हा उपाय नव्हे.

मैत्रीचा अर्थ नीट घ्यावा. अन्यायाची तक्रार करणे, पोलिसांत आणि न्यायालयात जाणे, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार घेणे, संघटित होणे, हे सर्व मैत्री बाळगून करता येते. मैत्री एवढेच म्हणते, की द्वेषाचा निखारा आपल्याच मुठीत धरून ठेवू नको, त्याने तुझाच हात भाजेल. ज्याच्या मनात द्वेष रात्रंदिवस जळतो त्याची झोप जाते, आणि लढण्याची ताकदही जाते. म्हणून लढ्यासाठीसुद्धा शांत मन हवे. आणि ज्याला शत्रूविषयी मैत्री करणे आज जमत नसेल, त्याने ती बळेच करू नये. आधी स्वतःविषयी, मग आपल्या माणसांविषयी करावी. पुढचे पुढे पाहावे.

५. विहार, कल्याणमित्र आणि दुःखिताचे घर

घरातील पाठ रोजचा आणि विहारातील पाठ आठवड्याचा. रविवारी विहारात जावे, पौर्णिमेला जावे, वर्षावासात ग्रंथवाचन ऐकावे. तेथे ज्ञान मिळते आणि माणसेही मिळतात. चार दिवस एखादा उपासक दिसला नाही, तर त्याच्या घरी कोणी तरी जाऊन यावे.

किसा गौतमीची गोष्ट बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात दिली आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. भगवंतांनी तिला, ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगितले. ती घरोघर गेली. मोहरी प्रत्येक घरात होती, पण मृत्यू न पाहिलेले घर एकही नव्हते. आपण या गोष्टीचा अर्थ केवळ अनित्यता असा घेतो. आणखी एक अर्थ पाहा. त्या दिवशी किसा गौतमी किती घरांत गेली, किती जणींनी तिला आपले दुःख सांगितले! दुःखी माणसाला उपदेशाआधी दार उघडणारी माणसे लागतात. म्हणून ज्याच्या घरी मयत झाली, ज्याचे पीक गेले, ज्याचा मुलगा परीक्षेत नापास झाला, त्याच्याकडे जाऊन बसा. बोलण्यासारखे काही नसले तर नुसते बसा.

६. जेव्हा डॉक्टर हवा

आता सर्वांत महत्त्वाचे. वंदना आणि ध्यान हे मनाचे रोजचे अन्न आहे. पण अन्न आणि औषध वेगळे. बावरी ध्यान करणारा होता, तरी भयाने ग्रासल्यावर ध्यानात त्याचे मन रमले नाही. तेव्हा त्याने जाणत्याकडे माणसे पाठवली. यात त्याला कमीपणा वाटला नाही.

पुढील लक्षणे दोन आठवडे टिकली तर विहारातील उपदेशावर थांबू नये, डॉक्टरला दाखवावे : झोप उडणे किंवा सारखे पडून राहावेसे वाटणे, अन्न नकोसे होणे, कशातच मन न लागणे, विनाकारण छाती धडधडणे, सारखे रडू येणे. कोणाला नसलेले आवाज ऐकू येत असतील, सर्वजण आपल्या वाईटावर आहेत असे वाटत असेल, किंवा बाळंतिणीचे मन एकाएकी बिघडले असेल, तर वाटच पाहू नये. हा करणीचा प्रकार नाही. हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. अशा आजारात एकट्याने फार वेळ ध्यानाला बसल्याने त्रास वाढूही शकतो. बसल्यावर घाबरे होत असेल तर उठावे, मोकळ्यावर फिरावे, माणसांत बसावे. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

कोणी "आता जगून काय करू" असे बोलला, तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये. "तुझ्या मनात जीव देण्याचे येते काय?" असे प्रेमाने, सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार वाढत नाही, उलट मन मोकळे होते. फवारणीचे औषध घरात उघड्यावर ठेवू नये. ते कुलपात ठेवावे आणि किल्ली दुसऱ्याजवळ द्यावी. लगेच सरकारी दवाखान्यात न्यावे. पुढील उपचारासाठी नांदेडला आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेली-मानस ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-बेरात्री केव्हाही फुकट बोलता येते, मराठीतून बोलता येते. हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येकाचा हक्क आहे.

एकदा एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः धुतले, उचलून अंथरुणावर निजवले आणि भिक्खूंना आजाऱ्याची सेवा करण्यास सांगितले. शरीराच्या आजाऱ्याला जे लागू, ते मनाच्या आजाऱ्यालाही लागू आहे. त्याला वेडा म्हणून हिणवणे, बांधून ठेवणे, लपवणे हे बौद्धाच्या घरात शोभत नाही.

७. आरंभ कसा करावा

पाचही पाठ एकाच दिवशी सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात सकाळची वंदना आणि पाच मिनिटे श्वास एवढेच करा. ते अंगवळणी पडले की दुसऱ्या आठवड्यात रात्रीचे तीन प्रश्न घ्या. मग एकत्र जेवण, मग एक पान वाचन, मग कामातील सावधपणा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. चुकल्याचे प्रायश्चित्त नाही, कारण येथे कोणी कोपणारा नाही.

पुढे कधी शेजारी म्हणाला, की देव सोडल्यामुळे हे झाले, तर त्याच्याशी भांडू नका. बावरीची हकीकत सांगा. याच नदीच्या काठी एक विद्वान माणूस खोट्या शापाने अन्नपाणी टाकून बसला होता, आणि त्याचे भय समज आल्याने गेले, हे सांगा. देव्हारा उतरवून जी जागा मोकळी झाली, तेथे आम्ही आता रोज दहा मिनिटे बसतो, असेही सांगा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. बावरीला शापाने आजारी पाडले की भयाने? तुमच्या घरात अशी कोणती भीती आहे?

२. स्मृती या शब्दाचा धम्मातील अर्थ काय?

३. पहिला बाण आणि दुसरा बाण यांतील फरक स्वतःच्या आयुष्यातील उदाहरणाने सांगा.

४. घरातील स्त्रीला सकाळची दहा मिनिटे मिळावी म्हणून कोणते काम कोण करील, हे कुटुंबाने बसून ठरवा.

५. तुमच्या वस्तीत सध्या कोणाच्या घरी जाऊन बसण्याची गरज आहे?

हे प्रश्न रविवारी विहारात सर्वांनी मिळून चर्चेला घ्यावे.

जय भीम! नमो बुद्धाय!